कापूर देव्हाऱ्यात ठेवा, लेन्सच्या पाऊचमध्ये नको

पाऊस तोंडावर आला की बेळगाव-खानापूर-निपाणीच्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. लेन्स जन्मभर नवी ठेवायची सात सूत्रं. यंदा तो आमच्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने नुकतीच हप्त्यावर ७०-२०० झूम लेन्स घेतली आहे, आणि मेसेज वाचून पाऊचमध्ये कापराच्या दोन वड्या टाकूनही झाल्या. म्हणून हे लिहिणं आलं.

सूत्रं अशी. पाऊच जितका जाड तितका चांगला. घेताना लेन्सवरचा ७७ किंवा ८२ हा आकडा बघून त्या मापाचा घ्यावा. नियोप्रीनचा (रबरी कापडाचा) असला म्हणजे वॉटरप्रूफ. कंपनीचा पाऊच नुसता शोभेचा. बुरशी येऊ नये म्हणून आत कापूर किंवा डांबरगोळी ठेवावी. ती नसेल तर तांदळाची पुरचुंडी टाकून, पाऊच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पावसाळाभर कपाटात ठेवावा. आणि शेवटचं, फिल्टर लावलेला असेल तर पाऊचची गरजच नाही.

पाचव्यापासून सुरू करतो. बाकीच्यांनी बहुतेक पैसेच जातील, याने लेन्स जाईल.

कापूर काय आणि डांबरगोळी काय, दोन्ही वितळल्याशिवाय थेट हवेत उडून जातात. कपाटातली गोळी महिन्याभरात निम्मी होते, ती जाते कुठे? कपाटात ती वाफ खोलीत पसरून जाते. पाऊचमध्ये तिला जायला जागाच नाही. ती फोममध्ये मुरते, अस्तरात मुरते, झूम रिंगच्या रबरात शिरते आणि बॅरलच्या (लेन्सच्या बाहेरच्या नळीच्या) फटींतून आत काचांपर्यंत पोचते. पाऊच स्कूटरच्या डिकीत असेल तर खालून इंजिनची ऊब, वरून ऊन, त्यामुळे वाफ आणखी जोरात होते. रात्री गारवा आला की ती सगळ्यात गार पृष्ठभागावर परत गोठते, म्हणजे काचेवर आणि धातूवर. मग टॉर्च मारून बघितलं की आत पांढुरकी साय दिसते आणि लोक म्हणतात, बघा, बुरशी आलीच.

हे एवढ्यावर थांबत नाही. दोन्ही पदार्थ तेलात विरघळतात, आणि फोकस-झूमच्या आट्यांत ग्रीस असतं. ते पातळ झालं की ओघळून ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर येतं, पाती चिकटतात, आणि एफ ८ ला, म्हणजे पाती बरीच मिटवून काढलेला फोटो पांढराफटक येतो, कारण पाती वेळेत मिटलीच नाहीत. प्लॅस्टिकचं म्हणाल तर जुन्या काळी सेल्युलॉइड लवचीक करायला त्यात कापूरच घालत. जो पदार्थ प्लॅस्टिक मऊ करायला वापरला जायचा तो प्लॅस्टिकच्या बॅरलशेजारी महिनाभर कोंडून ठेवायचा, हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.

आणि एवढं करून मिळतं काय? डांबरगोळी कपड्यांतल्या कसरीसाठी असते. कसर हा किडा आहे. बुरशीला हवी असते ओल, अंधार आणि कोंडलेली हवा. वासाने हवेतली ओल एक टक्कासुद्धा कमी होत नाही.

माझं ऐकू नका, निकॉनचं ऐका. निकॉनच्या लेन्सबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत साठवणुकीबद्दल सरळ लिहिलेलं असतं: बुरशी आणि गंज टाळण्यासाठी लेन्स थंड, कोरड्या जागी ठेवा, उन्हात ठेवू नका, आणि नॅप्थाच्या (म्हणजे डांबराच्या) किंवा कापराच्या गोळ्यांबरोबर ठेवू नका. नाव घेऊन, कापराचं. ज्यांनी लेन्स बनवली तेच सांगतात, यावर ग्रुपवर वाद कसला घालायचा?

ज्यांनी आधीच टाकलाय त्यांनी असं करावं. लेन्स लगेच बाहेर काढा. दोन्ही टोप्या काढून, हवा खेळती असेल अशा कोरड्या खोलीत सावलीत, मलमलीच्या फडक्याखाली एक-दोन दिवस ठेवा. वरच्या काचेवर पांढरा थर असेल तर आधी ब्लोअर, मग लेन्स क्लीनरचा एक थेंब लेन्स पुसायच्या कागदावर घेऊन मधून बाहेर गोल. कोरडं पुसायचं नाही. आत थर दिसत असेल तर उघडण्याच्या भानगडीत न पडता कारागिराकडे द्या. पाऊचचा वास गेला नाही, आणि फोमचा तो सहसा जात नाही, तर त्यात परत लेन्स घालू नका.

तांदळाचं सूत्र त्याच जातीचं, फक्त कमी घातक. कोरडा म्हणून आपण घरात ठेवतो त्या तांदळात वजनाच्या १२ ते १४ टक्के पाणी असतंच. असा तांदूळ बंद पिशवीत ठेवला की आतली आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांवर स्थिरावते, म्हणजे बुरशीला जी लागते नेमकी तेवढीच. वर कोंड्याची धूळ. बेळगाव बासमतीचा वास घराघरांत ओळखतात, तो ताटात असू द्या. तांदळाऐवजी बुटाच्या खोक्यातली ओल शोषणारी सिलिकाची पुडी म्हणाल, तर ती ग्रॅम-दोन ग्रॅमची असते आणि तुमच्या हातात येईपर्यंत ती केव्हाच ओली होऊन बसलेली असते.

इथे एक गोष्ट कळून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. पाऊच नेण्या-आणण्यासाठी असतो, ठेवण्यासाठी नसतो. फोम आणि कापड ओल धरतात. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे घरातली हवाही त्याच्या कितीतरी वर असते. ती हवा पाऊचसकट पिशवीत बांधली की ओल आतच राहिली. घरी आल्यावर लेन्स पाऊचमधून बाहेर. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा १०-१५ लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात २०० ते २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल सुती पिशवीत घालून ठेवा, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. नारिंगी दाणे हिरवे पडले की पिशवीतून काढून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवा, गार झाले की परत डब्यात. पाऊच वेगळा, उघडा, वाळत टांगलेला.

आता जाडीचं. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. १,४९० ग्रॅमची कॅननची ईएफ ७०-२०० एफ २.८ दुसरी आवृत्ती एक मीटरवरून पडली आणि खालचा फोम ५ मि.मी. दबून ती थांबली, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या २०० पट, म्हणजे ३०० किलोच्या आसपास भार येतो. फोम १५ मि.मी. दबला तर तोच भार १०० किलोवर येतो. म्हणजे जाडी कामाची आहे. पण कुठली? जी दबतानाही तग धरते ती. बाजारातले फुगीर पाऊच पुष्कळदा सोफ्याच्या स्पंजचे असतात. दीड किलोची लेन्स त्यात अशीच तळाला टेकते, पडायच्या आधीच. मग २० मि.मी. जाडी असूनही खाली फरशीच.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. अंगठ्याने जोरात दाबा. पलीकडचं बोट टोचल्यासारखं लागलं तर ठेवून द्या. कडेचा फोम उघडा दिसत असेल तर त्याला तोंड लावून फुंका. हवा आरपार गेली तर तो स्पंज, पाणी पिणार आणि काही वर्षांत भुगा होणार. हवा अडली तर बंद पेशींचा, ईव्हीए (चपलेच्या तळव्याच्या फोम) सारखा. तळाला १० मि.मी.च्या वर आणि झाकणाला तेवढाच, बाजूंना ५-६ मि.मी. असला तरी चालतो. तळच पातळ असेल तर जुन्या ईव्हीए योगा मॅटच्या दोन चकत्या कापून घाला, पण तेवढी खोली आधी मोजून ठेवा.

मापाच्या सूत्राने सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ७७ हा फिल्टरच्या आट्यांचा व्यास आहे, लेन्सचा नव्हे. वर सांगितलेल्या लेन्सचा फिल्टर ७७, पण व्यास ८८.८ आणि लांबी १९९ मि.मी. आहे. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम बघा, फिल्टर ४९ आणि व्यास ६९.२. शिवाय कंपनी देते ती लांबी टोप्या न धरता असते. मागची टोपी, पुढची टोपी मिळून पंधरा-वीस मि.मी. वाढवा. हूड (पुढची ऊन अडवणारी कड) उलटा लावून ठेवत असाल, आणि ठेवावाच, तर सगळ्यात रुंद भाग तोच. त्याभोवती दोरा गुंडाळा, दोरा मोजा, ३.१४ ने भागा. दोरा ३३० मि.मी. भरला तर व्यास १०५. पाऊचचं आतलं माप याहून ५ ते १० मि.मी. जास्त असावं, त्यापेक्षा नको. सैल पाऊचमध्ये लेन्स आतल्या आत आपटत राहते. खानापूर रस्त्यावर दुचाकीच्या धक्क्यांनी बॅरलचे बारीक स्क्रू ढिले होतात ते असेच. ट्रायपॉडचा पाय असलेली लेन्स असेल तर कॉलर (पाय बसवलेली कडी) सोडवून वेगळी ठेवा, नाहीतर पाय एका जागी फोम दाबत राहतो आणि तिथे तो कायमचा बसतो.

नियोप्रीन स्वतः पाणी आत घेत नाही, हे खरं. पण शिवण घेते, आणि नाडीचं तोंड तर उघडंच असतं. वॉटरप्रूफ म्हणजे वर वेगळं रेनकव्हर. नियोप्रीन ओरखड्यांसाठी छान, मोठ्या बॅगेच्या आत ठेवायला तर फारच छान. एकट्याने खाली पडायला मात्र नव्हे.

नाडीच्या तोंडावरून आठवलं. चिंचलीच्या मायाक्काच्या किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत भंडारा उधळतात, विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल. नाडीच्या पाऊचमध्ये तो वरून सरळ आत पडतो आणि लेन्स घालता-काढताना रिंगच्या फटीत जातो. तिथे चेनचाच पाऊच घ्या, चेनला आतून कापडाची पट्टी असलेला, म्हणजे धातूचे दात लेन्सला घासणार नाहीत. वेल्क्रोच्या काट्यांत धूळ आणि दोरे अडकून राहतात, आणि लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो उघडला की भटजीसुद्धा वळून बघतात. परत आल्यावर अस्तर उलटं करून झटका, मगच लेन्स.

कंपनीचा पाऊच शोभेचा, हेही बहुतांशी खरं. नाडीची मऊ पिशवी आणि तळाला पातळ गादी, धुळीपुरती ठीक. कॅननच्या एल (महागड्या मालिकेच्या) नसलेल्या बहुतेक लेन्सबरोबर तर तीही येत नाही.

राहिला फिल्टर. तो पुढच्या काचेवरची धूळ आणि तुषार अडवतो. धक्का बसतो माउंटला (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याला), बॅरलला, आतल्या काचांच्या रांगेला, आणि तिथे फिल्टर काही करत नाही. उलट पडल्यावर त्याची कड वाकून आट्यांत अडकली की तो काढायलाच कारागीर लागतो.