जर्मेनियम काढा, बीसी ५५७ लावा? इतकं सोपं नाही ते

जुने ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात असा: जर्मेनियम ट्रान्झिस्टर आता मिळत नाहीत, सेटमध्ये आहेत ते म्हातारे होऊन मेलेत. तेव्हा एसी १२८ असो, ओसी ७१ असो की एएफ ११७, सरळ आजचा सिलिकॉनचा बीसी ५५७ लावा. दोन्ही पीएनपीच, म्हणजे एकाच ध्रुवतेचे, नवा सगळ्या बाबतीत सरस, आजूबाजूला काही बदलायला नको.

यातलं ‘दोन्ही पीएनपी’ एवढंच मी बिनतक्रार मान्य करतो. बाकीचं एकेक बघू.

नवा सरस आहे? कागदावर बराचसा आहे. एसी १२८ जेमतेम एक-दीड मेगाहर्ट्झपर्यंत गेन देतो, म्हणजे सिग्नल वाढवतो, बीसी ५५७ दीडशेच्या आसपास. लीकेजची, म्हणजे बंद असतानाही गळणाऱ्या करंटची, तर तुलनाच नको. जर्मेनियमचा लीकेज दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. पण घोडं अडतं ते ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमधल्या व्होल्टेजवर, आणि त्याचा या सल्ल्यात उल्लेखही नाही. जर्मेनियम ०.२ व्होल्टलाच जागा होतो, सिलिकॉनला ०.६ लागतात.

एक साधी स्टेज, म्हणजे एका ट्रान्झिस्टरभोवतीचा सर्किटचा टप्पा, घ्या. ९ व्होल्टचा सप्लाय, बेसला ८२ के (किलोओहम) आणि १० के च्या रेझिस्टन्सची जोडी, एमिटरला १ के. बेसवर जवळपास १ व्होल्ट येतो. जर्मेनियम असेल तर त्यातले ०.२ जाऊन एमिटरवर ०.८ उरतात, म्हणजे करंट ०.८ मिलिअँपिअर. तिथेच बीसी ५५७ बसवला की एमिटरवर उरतात ०.४. करंट थेट निम्मा. स्टेज मरत नाही, पण तिचा गेन उतरतो आणि मोठ्या सिग्नलला ती लवकर फाटते. उपाय दोन मिनिटांचा आहे: ८२ के काढून ५६ के लावा, बेस १.३६ व्होल्टवर जातो आणि करंट पुन्हा पूर्वीच्या जवळ येतो. म्हणजे ‘आजूबाजूला काही बदलायला नको’ हा भाग इथेच निकालात निघाला. गंमत अशी की हा सल्ला टिकलाय तोही अशाच स्टेजमुळे. बदलला, आवाज आला, झालं काम! सेट आधी किती खणखणीत वाजायचा हे कुणाला आठवतंय?

आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या स्टेजला, मात्र अशी झाकपाक होत नाही. तिथे एसी १२८ ची जोडी असते आणि तिच्या बेसला जेमतेम ०.१५ व्होल्टच्या आसपास बायस (सिग्नल नसतानाही दिलेला व्होल्टेज) असतो, सोबत गरमीत तो बायस उतरवणारा थर्मिस्टर. सिलिकॉनच्या दृष्टीने ही झोपच. सिग्नल ०.६ च्या वर उसळला तरच तो वाजणार, मधला सगळा भाग कापला जाणार. बातम्या कळतील, पण पहाटे हळू आवाजात भजन लावा: तंबोरा तुटक तुटक, गाणाऱ्याचा आवाज चिरका. शिवाय बीसी ५५७ ची करंटची मर्यादा १०० मिलिअँपिअर, एसी १२८ ची १ अँपिअर. मग ‘सगळ्या बाबतीत सरस’ कुठे राहिलं? इथे बीसी ३२७ ची जोडी घ्यावी, ती ८०० मिलिअँपिअरपर्यंत जाते. थर्मिस्टर आणि त्याच्या शेजारचा रेझिस्टन्स काढून तिथे १एन ४१४८ डायोड आणि छोटा प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टन्स) लावायचा, आणि सिग्नल नसताना जोडी मोजके मिलिअँपिअर ओढेल असा तो फिरवायचा. डायोड ट्रान्झिस्टरला चिकटवून ठेवला तर गरमीचंही तोच सांभाळतो. बदलायचे तर दोन्ही. एक जर्मेनियम, एक सिलिकॉन ही सोयरीक जमत नाही.

पाय बघून लावा, हे सांगायला नको, तरी सांगतो. बीसी ५५७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. जुन्या गोल डबीवर ठिपका कलेक्टरच्या बाजूला असतो.

आता ‘मिळत नाहीत’. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे भाग देशातच बनवले, आणि भंगारातल्या बोर्डांवर ते अजून सापडतात. नवे म्हणून विकले जातात त्यांची जास्त भीती. मला एका दुकानात चकचकीत छपाईचा एसी १२८ मिळाला होता. मीटर डायोडवर लावला तर बेस-एमिटर ०.६५. आत सिलिकॉन, वर जर्मेनियमचं नाव. खऱ्याला ०.२ च्या आसपास दाखवायला हवं. मीटरच्या गेनच्या खाचेवर मात्र विसंबू नका: लीकेजचा करंटही ती गेन म्हणूनच मोजते, आणि गळका ट्रान्झिस्टर तिथे तीनशेचा पहिलवान दिसतो.

डिटेक्टरचा, म्हणजे सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा, जर्मेनियम डायोड ओए ७९ काढून सिलिकॉनचा १एन ४१४८ लावणारेही आहेत. लांबची स्टेशनं गेलीच म्हणून समजा. कमी व्होल्टेजला जागे होणाऱ्या शॉट्की डायोडांपैकी बीएटी ४६ बघा.

आणि ‘म्हातारे होऊन मेलेत’. माझ्या टेबलावर येणाऱ्या मुक्या सेटमध्ये आधी सुकलेले असतात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. ते बदलल्याशिवाय ट्रान्झिस्टरला हात लावत नाही. त्यातही एएफ ११४ ते ११७ या चार पायांच्या डब्यांची कथा वेगळीच. डबीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या एखाद्या पायाला टेकतात. डबी चौथ्या पायाने अर्थला जोडलेली, त्यामुळे तो पायही अर्थला जातो आणि स्टेज गप्प. आतला ट्रान्झिस्टर धडधाकट असतो. तो उपटून ४५५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या, स्टेजला बीसी ५५७ लावला, तर जुन्याच्या आतल्या कपॅसिटन्सला धरून केलेली मांडणी विस्कटते आणि बऱ्याचदा सेट शिट्ट्या घालू लागतो.

मावशीच्या सेटमध्ये असाच एक एएफ ११७ होता. फक्त चौथा पाय कटरने कापला. पुणे केंद्र ७९२ वर लागलं, आणि मावशीने आतून विचारलं, “नवीन काय घातलंस रे?”