हाफटाइम झाला म्हणून निकाल लागत नसतोय भावांनो

परवा वळीव आला, स्टेडियमवर फुटबॉलची मॅच थांबली आणि तेव्हापासून सगळ्या पेठांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागलाय. म्हणे पावसानं मॅच बंद पडली आणि हाफटाइम झालेला असला तर पुढं असलेली टीम विजेती, दोन्ही कॅप्टन तयार असले तर रेफ्रीला खेळवायलाच लागतंय, अर्ध्या तासाच्या वर थांबता येत नाही, आणि बॉल पाण्यात लाइनवर अडकला तर गोल. खाली 'फिफा नियम' लिहिलं की लोक डोळे झाकून फॉरवर्ड करतात. चार गोष्टी, चारही चूक.

हाफटाइमचं खूळ क्रिकेटमधनं आलंय असं मला वाटतं. वनडेत २० ओव्हर झाल्या की निकाल लावता येतो, तेच आपण फुटबॉलला चिकटवलं. फुटबॉलच्या कायद्यात सातवा नियम सरळ सांगतो, अर्धवट सोडलेली मॅच परत खेळवायची, स्पर्धेच्या नियमात किंवा आयोजकांनी वेगळं ठरवलं असलं तर तसं. म्हणजे उरलेली २० मिनिटंच खेळवायची का आहे तोच स्कोर धरायचा हे त्या स्पर्धेच्या कागदावर अवलंबून, आणि तो कागद आपल्यातला एकजण तरी वाचतो का? आणि पुढं असलेली टीम जिंकलीच हे कुणी सांगितलं, २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपला अमेरिकेत शार्लटमध्ये चेल्सी बेन्फिकाविरुद्ध १-० पुढं होती, मॅच संपायला पाचेक मिनिटं असताना विजांमुळं जवळजवळ दोन तास थांबली, परत आल्यावर बेन्फिकाच्या डी मारियानं पेनल्टीवर बरोबरी केली आणि चेल्सीला एक्स्ट्रा टाइममध्ये जाऊन ४-१ नं जिंकायला लागलं.

अर्ध्या तासाचं उत्तर बी त्यातच आलं. तिथं पद्धत अशी की जवळ वीज पडली की ३० मिनिटं थांबायचं, परत पडली की परत पहिल्यापासनं मोजायचं. म्हणजे अर्धा तास ही कमीत कमी थांबायची वेळ, आपल्या लोकांनी उलटी करून जास्तीत जास्त केली. इटलीच्या लीगमधली पेरुजा-युव्हेंटस मॅच, मे २०००, हाफटाइमनंतर रेफ्री कोलिना एक तासाच्या वर थांबला, मैदानात जाऊन चिखलात बॉल टाकून बघितला, मग खेळवली. युव्हेंटस १-० नं हरली आणि लीगचं विजेतेपद लाझिओला गेलं.

कॅप्टनचा मुद्दा एका ओळीत संपतो. मैदान आणि हवामान खेळण्यासारखं आहे का हे पाचव्या नियमाप्रमाणं रेफ्री ठरवतो. वीज पडायची असली की ती कॅप्टनला विचारत नाही. लखलखाट आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असलं तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि आपण पायऱ्यांवर लोखंडी दांड्याची छत्री धरून "खेळवा की ओ" म्हणून ओरडत असतो (मी बी ओरडलोय).

फक्कीबद्दल, म्हणजे लाइन मारायच्या पांढऱ्या पावडरीबद्दल, मात्र त्या मेसेजमध्ये काहीच नाही, आणि खरी भांडणं तिथंच होतात. वळवाच्या दहा मिनिटांत पेनल्टी बॉक्सची लाइन धुऊन जाते, ओल्या मातीवर परत मारलेली फक्की नुसती लापशी होते, आणि फाऊल बॉक्समध्ये का बाहेर हे मग रेफ्रीनं कशावरनं सांगायचं? लाइन दिसत नसली तर ती परत मारूनच खेळ सुरू करायला पाहिजे.

राहिला अडकलेला बॉल. पूर्ण बॉल लाइनच्या पलीकडं गेला तरच गोल, तीन चतुर्थांश गेला तरी नाही, पाणी असू दे नाहीतर चिखल. आणि डबक्यात थांबला म्हणून खेळ थांबत नाही, बॉल चालूच असतो. कॉलेजात असताना माझा एक शॉट असाच गोलीला चकवून बरोबर लाइनवर चिखलात रुतला. मी हात वर करून कॉर्नरकडं पळत सुटलो, मागनं त्यांच्या बॅकनं निवांत येऊन तो पायानं उचलून मारला, आणि त्याच बॉलवर त्यांनी पलीकडं गोल केला.