आंबटशौक म्हणून हात झटकू नका

'१९३०-४०च्या दशकांतले अमेरिकन एक्स्प्लॉयटेशन सिनेमे (निषिद्ध, सनसनाटी विषयांवर गल्ला भरणारे स्वस्तातले सिनेमे) जमवणारे निव्वळ आंबटशौकीन. मुळात तो कचरा, आणि तो फुकट पाहायला मिळत असताना जुन्या रिळांवर पैसे उधळणं हा वेडेपणा.' हा दावा सर्रास पुढे ढकलला जातो. तो मला साफ अमान्य आहे.

आंबटशौकाने आलेल्याची इथे निराशाच होते. १९३४पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची स्टुडिओंची नियमावली, कडक झाला. गुप्तरोग, नशा असले विषय बड्या स्टुडिओंना वर्ज्य झाले, आणि ते उचलले गावोगाव रीळ घेऊन फिरणाऱ्या खेळवाल्यांनी. अशाच एका खेळवाल्याचा, क्रोगर बॅबचा, १९४५चा 'मॉम अँड डॅड' घ्या. बायकांचा खेळ वेगळा, पुरुषांचा वेगळा. मध्येच सिनेमा थांबायचा, 'एलियट फोर्ब्स' नावाचे आरोग्यतज्ज्ञ व्याख्यान द्यायचे आणि लगेच पुस्तिकांची विक्री सुरू. हे फोर्ब्स अस्तित्वातच नव्हते. एकाच वेळी अनेक गावांत वेगवेगळी माणसं त्या नावाने उभी राहायची. ती पुस्तिका, ते पोस्टर संग्राहकाला रिळाइतकंच मोलाचं वाटतं, कारण खेळ पडद्यापुरता नव्हताच.

कचरा म्हणाल, तर हाच 'मॉम अँड डॅड' २००५ साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या सिनेमांच्या राष्ट्रीय यादीत गेला. काही सिनेमे खरोखर किळसवाणे आहेत, हे कबूल. आफ्रिकी लोकांना रानटी ठरवणारा १९३०चा 'इंगागी' आफ्रिकेतला अस्सल माहितीपट म्हणून विकला गेला. त्यातला गोरिला म्हणजे सोंग घेतलेला नट होता. पण वंशद्वेषावर गल्ला कसा भरला जात होता, याचा तोच तर पुरावा आहे. तो जाळून कोणाचं भलं होणार?

राहिला फुकटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात फसवा आहे. फुकट मिळते ती कुठलीतरी एक प्रत. गांजाची भीती घालणारा 'रीफर मॅडनेस' आधी 'टेल युअर चिल्ड्रन' होता. ड्वेन एस्पर या खेळवाल्याने तो विकत घेऊन त्यात नवी दृश्यं घुसडली आणि पुढे तो 'डोप्ड यूथ', 'लव्ह मॅडनेस' अशा नावांनीही फिरला. त्यात राज्याराज्यांच्या सेन्सॉर मंडळांच्या कात्र्या वेगळ्या. खेळवालेही पोलिसांचा अंदाज घेऊन सौम्य किंवा भडक तुकडा लावायचे. त्यामुळे एकाच सिनेमाच्या दोन प्रती जुळतीलच असं नाही, आणि संग्राहक नेमका त्या फरकाच्या मागे असतो. न्यूयॉर्क राज्याच्या सेन्सॉरकडे आलेल्या संहिता आजही तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. पण त्यांच्याशी ताडून पाहायला रीळ हातात असावं लागतं.