कुत्र्याला मीठपाणी पाजू नका

परवा रात्री खानापूरहून मावशीचा फोन आला. तिच्या मोतीनं गच्चीवरची कुंडी उकरून माती खाल्ली होती. "मेसेजात मीठपाणी पाजवूस सांगितलंय की रे, पाजवू काय?" पेला हातात तयारच होता.

तोच मेसेज आमच्या अनगोळच्या ग्रुपवरही फिरतोय. त्यात लिहिलंय: "कुंडीतली माती सेंद्रिय, तिनं काही होत नाही. शंका वाटली तर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ पाजून उलटी काढा. वर दूध द्या. माती खातो म्हणजे कॅल्शियम कमी पडलंय."

आधी मिठाचं बोलतो, कारण जीव त्यानंच जायचा. जनावरांचे डॉक्टर वापरतात त्या मर्क मॅन्युअलमध्ये कुत्र्यासाठी मिठाची प्राणघातक मात्रा किलोमागे सुमारे ४ ग्रॅम दिली आहे. मोती ३ किलोचा पॉमेरियन. त्याला १२ ग्रॅम पुरे, आणि चहाचे दोन चमचे मीठ तेवढंच भरतं! उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात उतरतं, मेंदूतलं पाणी शोषलं जातं, झटके येतात. उलटी काढायची की नाही, हे डॉक्टरनं ठरवायचं. गुंगीतल्या कुत्र्याला उलटी करवली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते.

साधी लाल माती चाटली तर बहुधा काही होत नाही, कबूल. पण आजकाल कुंडीत नुसती माती कोण भरतं? कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पोटात फुगून आतडं तुंबू शकतं. हाडांच्या चुऱ्याच्या वासानं कुत्री हावऱ्यासारखी खातात. एरंडीची पेंड तर सेंद्रियच, पण नीट तापवलेली नसेल तर तिच्यात रिसिन हे जहाल विष राहतं. त्याची लक्षणं कधी दोन-तीन दिवसांनीही दिसतात. तेव्हा "आता तर खेळतोय की" यावर विसंबू नका.

दुधानं विष उतरत नाही, उलट पुष्कळ कुत्र्यांना जुलाब लागतात.

कॅल्शियमचं म्हणणं पाव खरं: काहीतरी कमी पडलेलं असू शकतं, पण ते कॅल्शियमच असं नाही. रोजच माती खाणाऱ्या कुत्र्यात जंतांमुळे रक्त कमी झालेलं असू शकतं. त्यासाठी शी तपासून घ्या, अंदाजानं गोळ्या चारू नका.

मावशीला एवढंच सांगितलं: पेला मोरीत ओत, तोंडातली माती पुसून काढ, साधं पाणी ठेव, खताच्या पिशवीवरच्या लेबलाचा फोटो डॉक्टरला पाठव, किती आणि केव्हा खाल्लं ते सांग. पिशवीत कोकोपीट आणि गांडूळखत निघालं. उलटी किंवा पोटफुगी झाली, नाहीतर शी बंद झाली, तर लगेच आणा, म्हणाले डॉक्टर. आज तिसरा दिवस, मोती भाकरी खातोय.

ग्रुपवर हा मेसेज ज्यांनी टाकलाय, त्यांनी तो आजच काढावा.