सर्चमध्ये दिसली नाही म्हणून फाइल गेली असे होत नाही

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरत आहे. सर्चमध्ये फाइल आली नाही तर ती व्हायरसने खाल्ली असे समजून ताबडतोब फॉरमॅट मारावे. इंडेक्सिंगमधले, म्हणजे शोधासाठी फाइलींची सूची करण्याच्या सोयीतले, ‘रिबिल्ड’ बटण दाबल्यास सगळे दस्तऐवज पुसले जातात. ‘विंडोज सर्च’ ही पडद्यामागे सूची करणारी सर्व्हिस कायमची बंद केल्यास संगणक दुप्पट वेगाने चालतो. आणि इंडेक्सिंगच्या नावाखाली आपल्या फाइली अमेरिकेत पाठवल्या जातात, असे चार दावे त्यात छातीठोकपणे केले आहेत. खाली संगणक ‘स्वच्छ’ करणाऱ्या एका प्रोग्रॅमची लिंकही आहे. हा संदेश यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या काकाजींपर्यंत पोहोचला आणि त्यांनी मला विचारले, “कापसाच्या हिशेबाची फाइल सापडून नाही राहिली, फॉरमॅट मारून टाकू का?” त्यामुळे हे लिहावे लागत आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. विंडोज दर वेळी संपूर्ण डिस्क चाळत बसत नाही. ठरावीक फोल्डरांतील फाइलींची नावे आणि मजकूर यांची एक सूची ती आधीच तयार करून ठेवते आणि आपण शोधतो तेव्हा प्रामुख्याने त्या सूचीत पाहते. दुकानदाराची खतावणी फाटली म्हणून गोदामातला माल नाहीसा होत नाही, तसेच सूचीत नोंद नसली तरी फाइल जागेवरच असते. आपल्याकडे संगणक जोडून देणारा दुकानदार हमखास सांगतो की महत्त्वाचे सगळे ‘डी’ ड्राइव्हमध्ये ठेवा. सल्ला चांगला आहे, पण इंडेक्सिंगची ‘क्लासिक’ पद्धत मूळ मांडणीत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशाच जागांची सूची करते आणि ‘डी’ ड्राइव्ह तिच्या बाहेर राहतो. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘मॉडिफाय’ निवडून त्या फोल्डरापुढे खूण करणे पुरेसे असते. उलट, घाबरून ‘सी’ ड्राइव्ह फॉरमॅट केला तर डेस्कटॉपवर ठेवलेले पीक विम्याचे आणि कर्जाचे कागद खरोखरच जातात, म्हणजे संदेशाने ज्याची भीती घातली तेच संदेशाच्या उपायाने घडते.

काकाजींची फाइल मात्र डॉक्युमेंट्समध्येच होती आणि सूचीतही होती. ती त्यांनी जुन्या सवयीने कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केली होती, आणि शोधताना ‘कापूस’ हा शब्द मोबाइलसारख्या युनिकोड (मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या) कळफलकाने लिहिला होता. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘कापूस’ दिसत असला तरी फाइलीत प्रत्यक्षात डी, के, आय, डब्ल्यू, एल ही पाच इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप चढवतो इतकेच. सूची तयार करणारा इंडेक्सर फॉन्ट पाहत नाही, अक्षरांचे संकेतांक पाहतो, त्यामुळे त्याच्या लेखी त्या फाइलीत कापूस नावाचे काहीही नाही. सर्चमध्ये तीच पाच इंग्रजी अक्षरे टाइप केल्यावर फाइल समोर आली. ग्रामपंचायती, सोसायट्या आणि शाळांमधील जुन्या संगणकांवर अशा फाइलींचे ढीग पडले आहेत आणि त्या ‘हरवल्या’ म्हणून कुणीतरी रोज हळहळत असणार. फाइलीचे नाव तरी युनिकोडमध्ये लिहून ठेवले तर हा घोळ बराच मिटतो. स्कॅन केलेल्या सातबाऱ्याचेही असेच आहे: ते केवळ चित्र असल्याने आतल्या गट क्रमांकावरून ते सापडण्याची अपेक्षा ठेवू नये.

‘रिबिल्ड’विषयीचा दावा सरळ खोटा आहे. ते बटण जुनी सूची टाकून नवी तयार करते आणि मूळ फाइलींना हात लावत नाही. सूची बिघडली असेल, म्हणजे नाव अचूक लिहूनही जागच्या जागी असलेली फाइल सापडत नसेल, तर खरा उपाय हाच आहे. मात्र त्याला काही तास लागू शकतात आणि तोवर शोधाचे निकाल अपुरे येतात. शिवाय आपण संगणक वापरत असताना इंडेक्सर मुद्दाम स्वतःचा वेग कमी करतो. गावाकडे संगणक कामापुरता सुरू करून लगेच बंद केला जातो, मध्येच वीजही जाते, आणि मग ‘रिबिल्ड करूनही काही झाले नाही’ अशी तक्रार होते. वीज टिकण्याची खात्री असेल अशा वेळी ‘रिबिल्ड’ सुरू करून संगणक तसाच चालू सोडून द्यावा.

सर्व्हिस बंद करण्याच्या दाव्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि कमी रॅम असलेल्या यंत्रावर पहिल्या इंडेक्सिंगच्या काळात डिस्क घरघरते आणि सगळेच मंदावते. सूचीतील नोंदी ४,००,००० च्या पुढे गेल्यास कामगिरी ढासळू शकते, असे मायक्रोसॉफ्टही सांगते. परंतु त्यावर अनावश्यक फोल्डर सूचीतून वगळणे हा उपाय आहे. सर्व्हिसच बंद केली तर प्रत्येक शोधासाठी विंडोजला फोल्डर एकेक करून चाळावे लागतात. ‘दुप्पट वेग’ कुणी आणि कशावर मोजला, हे संदेशात कुठेही नाही.

अमेरिकेचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. विंडोजमधील इंडेक्सिंगविषयी मायक्रोसॉफ्टच्या साहाय्य पानावर स्पष्ट म्हटले आहे की इंडेक्सिंगमधून जमा होणारी सर्व माहिती आपल्याच संगणकावर राहते आणि ती मायक्रोसॉफ्टसह कुणालाही पाठवली जात नाही. टास्कबारच्या शोधपेटीत आपण टाइप केलेले शब्द इंटरनेटवरील निकालांसाठी बाहेर जाऊ शकतात हे खरे, पण ती वेगळी सोय आहे आणि फाइलींच्या सूचीशी तिचा संबंध नाही. त्याच पानावर आणखी एक इशारा आहे: आपण संगणकात बसवलेले इतर प्रोग्रॅम ही सूची वाचू शकतात, म्हणून काय बसवतो याकडे लक्ष द्यावे. हेरगिरीची एवढी भीती घालणाऱ्या संदेशाच्या तळाशी मात्र अनोळखी प्रोग्रॅम उतरवून घेण्याची लिंक आहे, आणि काकाजींनी ती दाबण्यापूर्वी मला विचारले हे बरे झाले.