चालतं घड्याळ दुरुस्त करताना

आमच्या घरातलं लंबकाचं घड्याळ बंद पडलेलं नव्हतं. हे मी आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर घरचे सांगतीलच. आठवड्याला एकदा चावी मागायचं, टोले द्यायचं, बाकी त्याचं काही म्हणणं नव्हतं. मलाच एक दिवस वाटलं की टकटक जरा कोरडी येतेय. कोरडी टकटक म्हणजे नेमकं काय ते मला आजही सांगता येणार नाही, पण रविवार होता आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली हाताशी होती.

तबकडी काढली आणि आत जिथे जिथे पितळ दिसलं तिथे तिथे तेल सोडलं. चाकांवर, दात्यांवर, आणि एके ठिकाणी तर नुसतं चमकत होतं म्हणून. घड्याळ खूश. दोन दिवस असं सुळसुळीत चाललं की बायकोला मुद्दाम बोलावून आवाज ऐकवला, तिने ऐकला आणि "बरं" म्हणाली. तिसऱ्या दिवशी बंद.

मग वाचायला बसलो (जे आधी करायचं असतं). तर कळलं की चाकांच्या दात्यांना तेल द्यायचंच नसतं, ते कोरडेच चालतात. तेल लागतं ते मुख्यतः दोन पितळी प्लेटांमधल्या भोकांना, जिथे चाकांच्या आसांची टोकं फिरतात. त्या भोकाभोवती बाहेरच्या बाजूने इवलीशी वाटी कोरलेली असते, तीही पूर्ण भरायची नाही, सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. शिवाय अँकरच्या (लंबकासोबत डोलत चाकाचा एकेक दाता सोडणारा तुकडा) दोन टोकांना किंचित. झालं, संपलं तेल. जास्त घातलं तर ते प्लेटवरून ओघळतं आणि ओघळताना वाटीतलंही सोबत घेऊन जातं, म्हणजे मी ओतलेल्या तेलाने आस कोरडे पडत होते. आणि ते दोन दिवसांचं सुख? नव्या तेलाने जुना काळा चिकटा थोडा सैल झाला होता, एवढंच. नंतर धूळ आणि तेल मिळून असा काही लेप तयार होतो की तो भोकं घासून घासून लंबगोल करतो. थोडक्यात मी घड्याळाला पॉलिश पेपर पाजला होता.

म्हणजे आता उघडून धुणं आलं. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, स्प्रिंगचा ताण उतरवल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नका. चावी देताना जी कटकट वाजते ना, ती एका छोट्या खिटीची असते, ती दात्यात अडकून अख्खी स्प्रिंग धरून ठेवते. चावी घट्ट पकडायची, खिटी जरा उचलायची, चावी थोडी मागे येऊ द्यायची, परत खिटी सोडायची, असं हळूहळू. मी घट्ट पकडली होती असं मला वाटत होतं. चावी हातातून सुटून गरागरा फिरली आणि तिच्या पाकळ्यांनी माझ्या अंगठ्यावर सात-आठ रट्टे दिले. मोजायची शुद्ध नव्हती.

धुणं सोपं, जोडणं म्हणजे छळ. खालच्या प्लेटवर सगळी चाकं उभी करायची आणि वरची प्लेट ठेवून प्रत्येक आसाचं टोक आपापल्या भोकात एकाच वेळी घालायचं. एक बसलं की दुसरं निसटतं, दुसरं बसवावं तर पहिलं तुमच्याकडे बघत तिरकं होतं, आणि जोर लावला तर टोक मोडतं. लहान मुलांचा ग्रुप फोटो काढण्यासारखं काम आहे. दोन तास गेले.

भिंतीवर लावलं तर टक... टकटक... टक, लंगडत चाललं आणि थांबलं. टक आणि टक यांच्यातलं अंतर सारखं नसेल तर ते जगत नाही. डावीकडे जरा तिरकं केलं तर मस्त चाललं. बरं, तिरकं तर तिरकं. पण आई फडकं मारायला आली की सरळ करून जायची, आणि तासाभरात घड्याळ बंद. चार दिवस हे चाललं. शेवटी भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि आईला बजावलं, "तिरकंच राहू दे, ते तिरकंच चालतं."

लंबकाचा गोळा पुसायला काढला होता, तर त्याच्या खालच्या नटाची जागा हरवलेली. आमचा लंबक पाव मीटरचा, त्यात एका मिलिमीटरने दिवसाला जवळपास 3 मिनिटांचा फरक पडतो. नट 4 मिलिमीटर जास्त वर चढला होता, म्हणून घड्याळ रोज 12 मिनिटं पुढे. 1656 साली हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळाला लंबक लावला, त्याआधीची घड्याळं अशी चुकायची. एवढ्या मेहनतीने मी त्या काळात जाऊन पोचलो होतो.

आणि टोले! आमच्या घड्याळात टोले मोजणारं चाक काट्यांकडे बघतच नाही, आपला क्रम धरून बसतं. रात्री 11 वाजता त्याने 6 दिले. जुळवायचं तर आतली तार उचलून मधले सगळे टोले वाजवून घ्यावे लागतात, अर्ध्या तासांचे एकेक धरून बरोबर 50. मी ते तेव्हाच केलं. बायको दारात उभी राहून सगळे ऐकत होती, तिने शेवटी फक्त विचारलं, "चालू होतं ना रे हे?"

परवा धीर करून लंबकाला ढकलणारी मागची तार बोटाने किंचित वाकवली. एकदम सरळ टिक-टॉक, घड्याळ सरळ, भिंत सरळ, मी खुर्ची टाकून समोर बसलो. संध्याकाळी बाहेरून आलो तर बंद.

आई म्हणाली, "अरे, कोणीतरी सरळ केलं होतं बघ. मी परत तुझ्या खुणेवर तिरकं करून ठेवलंय."