दृष्ट

काल रात्री साडेनऊ वाजता, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला ओट्यावर पाट मांडून बसवलं आणि माझी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. समोर भाचा मोबाईल धरून उभा. जिजीने निकाल काय दिला ते शेवटी सांगतो, कारण सांगायची अजून हिंमत होत नाहीये.

सगळं झालं ‘इरेजरहेड’मुळे. डेव्हिड लिंचचा १९७७चा सिनेमा, काळापांढरा, दीड तासाचा. २००३ साली पुण्याच्या हॉस्टेलवर कुणीतरी आणलेल्या सीडीवर तो पाहिला आणि नंतर दोन रात्री ट्यूबलाइट चालू ठेवून झोपलो. २०२५च्या जानेवारीत लिंच गेला तेव्हापासून डोक्यात होतं, की घरच्यांनाही एकदा हादरवायचं. भाचा सुट्टीला जळगावला आलेला, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, जाणार कुठे? पडदे ओढले आणि लावला.

सिनेमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे कारखान्यासारखी घरघर चालू असते. या घरघरीनेच माझं हॉस्टेलवर पाणी पाणी झालं होतं. नानांची उभी हयात भुसावळच्या लोको शेडमध्ये गेलेली. त्यांनी कान देऊन ऐकलं, “कंप्रेसर आहे, ऑइलिंग मागतोय,” म्हणाले आणि दहाव्या मिनिटाला घोरायला लागले. इतकी गाढ झोप त्यांना रिटायर झाल्यापासून लागली नव्हती.

भाचा सोळा वर्षांचा. एक डोळा टीव्हीवर, एक मोबाईलवर. “मामा, दीडच्या स्पीडने लाव ना.”

तेवढ्यात शेजारची जिजी विरजण मागायला आली आणि वाटी हातात धरून टेकली. जिजीचं माहेर पारोळ्याकडचं, अहिराणीशिवाय बोलत नाही. पडद्यावर हेन्री नावाचा ताठ केसांचा नायक मैत्रिणीच्या घरी जेवायला गेलेला. होणारा सासरा मुठीएवढ्या कोंबड्या वाढतो आणि पाहुण्यालाच कापायला सांगतो. सुरी लागते तशी कोंबडी तंगड्या हलवते, आतून काळं काहीतरी बुडबुडत येतं. मी जिजीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

“जावईले कापाले लावतस का कोठे?” जिजी म्हणाली. कोंबडीबद्दल अक्षर नाही.

तिचंही खरंच आहे म्हणा. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे देतात. मला एकतीस आले होते. मी मोजले नव्हते, बायकोने मोजले, आणि ते अजून निघतं. असो.

मग ते बाळ आलं. सोललेल्या करडासारखं, डोकं तेवढं बाहेर, बाकी चिंध्यांत गुंडाळलेलं, रात्रंदिवस रडणारं. ते कशाचं बनवलंय हे लिंचने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

“एआय आहे?” भाचा.

“१९७७ रे!”

“मग रबर.” आणि मान परत मोबाईलमध्ये.

जिजी मात्र पुढे सरकली. “सातवा महिनानं दिखस. पोट दुखी ऱ्हायनं त्यानं. गुटी दी का कोनी?” रडण्याला कंटाळून बाळाची आई रात्रीच निघून जाते, तेव्हा जिजीने वाटी खाली आपटली. “माय वं! लेकरू टाकीसन माहेर निंघी गई!” बाळाच्या अंगावर फोड आले तर म्हणाली गोवर आहे, दाराला कडुलिंब बांधा. हेन्रीने वाफेचं यंत्र लावलं तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडला. “बापले आक्कल शे.”

शेवटी हेन्री कात्री घेऊन त्या चिंध्या कापायला लागतो. आत काय निघतं ते मला माहीत होतं, म्हणून मी उशीत तोंड खुपसलं. वरून जिजीचा आवाज: “सोडू नको रे बाबा, फडकं सोडू नको, वारं लागी!”

उशीतून डोकं काढलं तर दोघंही माझ्याकडे बघत होते.

भाच्याचा राग येतो तो इथे. हा पोरगा वरणभात कालवता कालवता अपघाताचे व्हिडिओ बघतो. ट्रकखाली माणूस, अंगठा वर, लगेच फेसवॉशची जाहिरात. त्याला हे बाळ काय घाबरवणार! पण मग मला हसायचा हक्क याला कुणी दिला? माझ्या त्या दोन रात्री काय फुकटच्या होत्या? ट्यूबलाइटवरून रूममेटशी भांडण झालं होतं, त्याने महिनाभर माझ्या डब्यातलं तेलसुद्धा वापरलं नव्हतं.

जिजीने गल्लीभर सांगितलं. सकाळी भरताची वांगी निवडत होतो, तर गाडीवाल्या मावशी म्हणाल्या, “भाऊ, त्या लेकरूनं काय व्हयनं?” मेलं म्हटलं, तर हळहळल्या आणि दोन वांगी वर टाकली. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे बायकोने जिजीला सांगितलं, आणि तिथून पाट, मीठ, मोहरी.

दृष्ट लागलेली असली की मिरच्या जाळल्या तरी ठसका लागत नाही म्हणतात. काल अख्खी गल्ली खोकत होती. नानासुद्धा उठून आले. जिजीने डोळे पुसले, विझत्या निखाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दृष्ट-बिष्ट काही नही शे. पोऱ्याच भित्रा शे.”

हे वाक्य रेकॉर्ड झालंय. भाच्याने ते फॅमिली ग्रुपवर टाकलं, आणि दीडच्या नव्हे, साध्या स्पीडने तीनदा ऐकलं.